थॉर्नबर मालकांच्या गावातली केझाया

केझाया होलरॉइडचं सारं आयुष्य थॉर्नबर मालकांच्या गावात गेलं. यॉर्कशायरमध्ये नदीकाठी मालकांनी लोकरीची गिरणी काढली, मग कामगारांसाठी दगडी घरं, शाळा, दवाखाना बांधला. केझाया त्याच शाळेत शिकली, त्याच गिरणीत मागावर लागली. लग्न केलं तेही तिथंच लोकर निवडणाऱ्या एबेनशी.

तुर्कस्तानातल्या व्हानहून बकऱ्यांच्या लोकरीचे गठ्ठे आले, की निवडणाऱ्यांचे चेहरे उतरत. त्या धुळीतून रोग लागे आणि धडधाकट माणूस तीन दिवसांत जाई. एका सोमवारी एबेन छाती धरूनच घरी आला.

"व्हानचा गठ्ठा उघडलास ना?"

"पाळी सेथची होती. पण त्याला चार पोरं आहेत गं."

"आणि मी कुणीच नाही का तुझी?"

तो हसायला गेला, पण खोकल्यानं वाकला.

बुधवारी मालक स्वतः दवाखान्यात आले. सत्तरीचा म्हातारा एबेनचा हात हातात घेऊन तासभर बसला. ब्रॅडफर्डहून मोठा डॉक्टर बोलावला. त्यानंही नकारार्थी मान हलवली.

"मालक, ती लोकर आणू नका," केझाया म्हणाली.

"तीनशे माणसं घरी बसतील, पोरी. पण धूळ ओढून घेणारे पंखे बसवतो. शब्द देतो."

तिला ओरडायचं होतं. पण म्हाताऱ्याचे डोळे खरोखर भरून आले होते.

गुरुवारी एबेन गेला. घर गिरणीत राबणाऱ्या पुरुषाच्या नावावर मिळे. ते सोडावं लागलं. मालकांनी तिला विधवांसाठी बांधलेल्या चाळीत फुकट खोली दिली. पंखे बसले, पण दोन वर्षांनी. तोवर आणखी तिघे गेले, त्यात सेथही.

मालक वारले तेव्हा अंत्ययात्रेत चाळीतर्फे पुष्पचक्र न्यायला चाळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी केझायाला निवडलं.

"नाही म्हटलं तर?" तिनं सेथच्या बायकोला विचारलं.

"म्हण की! आणि खोली गेली तर राहशील कुठं? माझ्या डोक्यावर?"

केझाया पुष्पचक्र घेऊन चालली.

पुढं दरवर्षी मालकांच्या जयंतीला शाळेतल्या बाई मुलांना तिच्याकडे आणत. म्हातारीनं मालकांना पाहिलं होतं ना! एका वर्षी तिनं एबेनचं नाव काढलं.

बाई घाईनं म्हणाल्या, "आजी, ते नको. मुलं घाबरतील. मालकांचं काहीतरी चांगलं सांगा ना."

केझायानं मुलांना जवळ बसवलं. मग मालकांनी सगळ्या गावाला आगगाडीनं समुद्र दाखवायला नेलं होतं, ते सांगू लागली.