ताईंची खुर्ची

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस सगळ्यांत आधी काय शिकत असेल, तर हात झटकायला. मी तर त्यात लवकरच तरबेज झालो.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. राजारामपुरीतल्या एका छापखान्यातला एकुलता एक कॉम्प्युटर मी सांभाळायचो. त्यावर लग्नपत्रिका जुळवायला एक ताई बसायच्या. वय पंचेचाळिशीचं. आधी त्या छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायच्या. मग रडतखडत टायपिंग शिकल्या आणि त्या खुर्चीत बसल्यापासून छापखान्यात त्यांना मान होता.

खंडेनवमीच्या सकाळी मी कॉम्प्युटरच्या जुन्या डब्यात नवा मदरबोर्ड आणि नवा प्रोसेसर बसवला. त्या दिवशी तिथं सगळ्या यंत्रांची पूजा असायची. मालक म्हणाले, "नवी वस्तू आत हाय, मग भाईरनं पूजा करून काय उपेग? तुम्हीच घाला की हार!" मला काय, मूठभर मांस चढलं. बंद मशीनच्या उघड्या पोटात मी हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा इवलासा हार प्रोसेसरच्या पंख्यावर ठेवला. नारळ फुटला, जेवायला हाक आली. मी घाईघाईनं डबा लावून टाकला. हार आतच राहिला, याचं भानही मला नव्हतं.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं आणि नवा कॉम्प्युटर जुन्यापेक्षाही रखडायला लागला. ताई म्हणाल्या, "दादा, सकाळी झ्याक पळतंय बघा, पण तासाभरानं दमतंय. जरा आत बघा की."

त्यांनी रोग अचूक सांगितला होता. पण मशीनमधलं मला कळणार की खिळे जुळवणाऱ्या बाईला? मी विंडोज नव्यानं घातलं, रॅम बदलली, व्हायरस शोधला. काही सापडेना. डबा उघडावा लागला तो फक्त रॅमच्या वेळी. तेव्हाही मी पलीकडच्या कोपऱ्यात हात घालून मोकळा झालो, कारण माझं काम चुकलेलं असणं मला मान्यच नव्हतं. शेवटी मालकांच्या देखत मी ताईंना विचारलं, "घरची फ्लॉपी घातली होती का? व्हायरस त्यातूनच येतो."

"व्हय. पोरीचं कॉलेजचं काम हुतं. एकदाच घातली."

मला हायसं वाटलं. त्याची मला आजही लाज वाटते.

मालकांनी सगळ्यांसमोर त्यांची बिनपाण्यानं केली. दुसऱ्या दिवसापासून ताई पत्रिकांना घड्या घालायच्या टेबलावर, आणि खुर्चीत मालकांचा मेव्हणा. कॉम्प्युटर मेव्हण्याच्या हाताखालीही तसाच रखडला, तेव्हा मला पुन्हा बोलावणं आलं.

दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना मी डबा नीट उघडला. हाराचा दोरा पंख्याच्या आसाला गुंडाळला होता, पंखा ठप्प, खाली वाळक्या पाकळ्या. तापला की तो प्रोसेसर आपणहून वेग कमी करायचा, एवढंच. दोरा, पाकळ्या कागदात गुंडाळून मी खिशात घातल्या आणि डबा लावला. कॉम्प्युटर पळायला लागला.

"व्हायरसच हुता न्हवं?" मालकांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "निघाला."

ताई हात पुसत जवळ आल्या. "चुकी झाली दादा. माझ्यापायी तुम्हाला किती हेलपाटं पडलं."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. "काय इंजिनिअर, बसवू का परत बाईस्नी?"

एक 'हो' पुरे होतं. पण हो म्हटलं तर मग चूक नक्की कुणाची होती, असं कुणीतरी विचारेल, अशी भीती वाटली. मी म्हणालो, "सध्या नको. बघू नंतर."

ताईंनी मान हलवली. टेबलाकडे परत जाताना त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. आणि तो मी प्यालो.