डचेसचा उपास

अमेरिकेतल्या टोलिडोच्या मार्लिस ब्रँटला आपल्या प्रेमाचा भारी अभिमान. त्याच प्रेमाला कंटाळून मुले दूरच्या राज्यांत गेली. उरली काचेच्या पेटीत पाळलेली अजगराची मादी, डचेस. थंडी पडल्यापासून तिने अन्न सोडले, पाठीचा कणा वर आला. मार्लिस काय करी? गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात उबदार करून चिमट्याने तिच्यापुढे नाचवी, "खा गं राणी!" म्हणून आळवी, नाकारताच उराशी धरी, शेजारणींना बोलावून दाखवी. केवढी ही माया! जिला अंधार हवा तिला आरास, जिला एकांत हवा तिला दरबार!

"तू अशी टक लावून बसलीस तर माझ्याही घशाखाली घास उतरणार नाही," बहीण लोरेन फणकारली. "झाक ती पेटी आणि हो बाहेर!"

मार्लिसने रडतरडत पेटीत अरुंद खोका आणि उंदीर ठेवला, वर गोधडी टाकली. संध्याकाळी पाहिले तो उंदीर नाही. खोक्यात फुगलेले पोट!

"माझ्या प्रेमाला पावली!" म्हणत मार्लिस तिला उचलायला धावली.

लोरेनने हातावर चापट मारली. "आता हलवलंस तर सगळं ओकेल, बाई!"

मार्लिसने गोधडी पुन्हा ओढली. तिचे प्रेम प्रथमच गप्प बसले.