मडगार्डखालची दोन बोटं

बदनापूरकडच्या मामाच्या गावी राहून मी जालन्याच्या कॉलेजात जायचे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. गावात एसटी येत नव्हती, म्हणून मामाच्या गाडीत दुधाच्या कॅनांमध्ये बसून जायचे. गाडी म्हणजे लिलावात घेतलेली लष्करी जीप. मागच्या सीटा काढून मामानं तिला पत्र्याचा हौदा बसवला होता. गावचं दूध ती रोज सकाळी नवीन जालन्यातल्या दूध केंद्रावर पोचवायची.

त्या पावसाळ्यात पक्क्या सडकेपर्यंतच्या गाडीवाटेवर ती तीनदा रुतली आणि तीनदा दूध उशिरा गेलं. केंद्रावरच्या बाबूनं मामाला सांगितलं, आता एकदा जरी सगळं दूध नासून आलं, तर फेरी ट्रॅक्टरवाल्याला देऊ. मामाकडं जमिनीचा तुकडा होता, पण घर चालायचं ते फेरीवर.

मामानं मोठे टायर टाकायचं ठरवलं. चाकं उंच झाली की गाडीचं पोट चिखलाला टेकणार नाही, असं त्याचं म्हणणं. जालन्यात एका गॅरेजवाल्या उस्तादाकडं जुने, पण खोल खाचांचे टायर मिळाले. पुढची दोन चाकं चढवल्यावर उस्ताद खाली वाकला आणि म्हणाला, "मामू, मडगार्ड काटना पडेगा. जागा कम है."

मडगार्डांना मामानं स्वतः हिरवा रंग दिला होता. कापायचं म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"मास्तरीणबाई," तो मला म्हणाला, "तू फिजिक्स शिकून राह्यलीस ना? मोज बरं. कापावं का न्हाई?"

मी त्या दिवशी काही हयगय केली, असं मला आजही वाटत नाही. कॅन पाण्यानं भरून हौद्यात ठेवायला लावले, तशी गाडी दबली. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. दर वेळी टायर आणि पत्र्यामध्ये बोटं घालून पाहिली. दोन बोटं जागा उरत होती. कुठंच घासत नव्हतं.

"कापायची गरज न्हाई, मामा."

"बिलकुल?"

"बिलकुल."

उस्ताद हसला. "कॉलेजवाली बोली तो बोली. अपना क्या जाता!"

चार दिवस उघडीप होती. गाडी वळवताना मामाचे दंड भरून यायचे, ब्रेक उशिरा लागायचा, पण गाडी दगडधोंड्यांवरून उंच चालायची. मामा खूश होता. पाचव्या दिवशी श्रावणाची झड लागली.

वाटेत निम्म्यावर गाडी थांबली. रुतली नव्हती. पोट चांगलं हातभर वर होतं. पण पुढची चाकं फिरेनात. उतरून पाहिलं, तर टायर आणि मडगार्डाच्या मध्ये काळी माती गच्च ठासली होती. मामानं विळ्यानं ती खरवडून काढली. वीस पावलांवर गाडी पुन्हा थांबली. पुन्हा खरवडली. पुन्हा तेच.

मागून बैलगाडी आली. गाडीवान म्हणाला, "पाव्हणं, मडगार्डात हरभरा पेरून राह्यले का?"

मामा खरवडतच राहिला. बैलगाडीच्या चाकांवरही तसाच थर चढत होता आणि स्वतःच्या वजनानं गळून पडत होता, कारण तिथं त्याला अडवायला पत्रा नव्हता. हे मी लहानपणापासून पाहत आले होते. उस्तादाच्या फरशीवर मोजताना टायर कोरडे होते. माती मी हिशेबात धरलीच नव्हती.

"मामा, चूक माझी हाय," मी म्हणाले.

"ते मंग बघू. छन्नी दे."

बोल्ट गंजलेले होते. भर पावसात त्यानं एकेक तोडला आणि दोन्ही मडगार्डं बांधाला टाकली. मी हातोडा पुढं करत होते, तो घेत होता. त्यानं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. मग गाडी निघाली आणि थांबली नाही. चिखल उडून मामाच्या तोंडावर, कॅनांवर आणि माझ्या वह्यांवर पडत होता.

केंद्रावर बाबूनं एकेक झाकण उघडून वास घेतला. नळीत थोडं थोडं दूध उकळून पाहिलं. दोन कॅनांतलं फाटलं. बाकीचं त्यानं ओतून घेतलं.

"असं कसं आले?" त्यानं मामाकडं बघत विचारलं.

"आलो ना पण," मामा म्हणाला.

बाबूनं दोन कॅन परत केले. "उद्याबी तुम्हीच या. पण जल्दी."

मामानं तेव्हा पहिल्यांदा धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मग मला विचारलं, "तुझा तास बुडाला का?"

तास केव्हाच संपला होता. मी म्हणाले, "न्हाई, मामा. अजून टाइम हाय."

"मंग बस गाडीत. सोडतो."

कॉलेजच्या फाटकापाशी त्यानं मला उतरवलं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभी राहिले.