बेगमच्या मागचं डिझेल

डायवर चाचांना हळू बोलता यायचं नाही. सगळी नोकरी वाफेचं इंजिन चालवण्यात गेली. तिथे हातभर अंतरावरच्या फायरमनलाही ओरडूनच सांगावं लागे, आणि ती सवय पेन्शनबरोबर घरी आली. त्यात कानही गेलेले. वरणात मीठ कमी आहे, हे ते चाचींना सांगायचे आणि भिंतीपलीकडे आमच्या स्वयंपाकघरात आई हसायची. वाशीममधल्या आमच्या गल्लीला त्यांच्या घरातलं सगळं माहीत असे: आज भाजी कोणती, चाचींचे गुडघे कसे आहेत, कुणावरून वाद झाला. गुपित म्हणून त्या घरात काही राहतच नसे. निदान मला तसं वाटायचं.

मी त्यांच्या अगदी उलट. इंग्रजी शाळेत घातलेली, घरी मराठी, दोन्हीकडे बोलायची भीती. कुणी "जोरात बोल" म्हटलं की आवाज आणखी आत जायचा. चाचा मला 'मॅडम' म्हणत. मी काही सांगायला लागले की कानामागे हात धरून वाकायचे. "मॅडम, तुह्या बोलण्यात स्टीमच नाही. भट्टीत टाक जरा कोयसा!" मग मी हसायचे आणि उरलेलं वाक्य कागदावर लिहून दाखवायचे. ते चष्मा लावून ओठ हलवत वाचायचे.

ते वाशीमचे नव्हेत. दूरच्या एका मोठ्या इंजिन-शेडमध्ये त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर ते इथे आले, कारण चाचींचं माहेर मंगरूळपीरचं. तेव्हा आमच्याकडे अरुंद रुळांची छोटी लाइन होती आणि चाचा तिला गाडी मानायलाच तयार नव्हते. "हे तं पोट्ट्यायचं खेळणं आहे," म्हणायचे. मोठी लाइन आली तेव्हा जणू त्यांनीच ती मंजूर करून आणली, अशा थाटात त्यांनी गल्लीत पेढे वाटले. पुढे वर विजेच्या तारा आल्या आणि ते पुन्हा नाराज झाले. "गाडी आली का वारं आलं, समजतच नाही आता." तरी रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बसायचे. माझी शाळा सुटली की कधीकधी मीही जाऊन शेजारी बसायचे. दोघांपैकी कुणालाच बोलायची गरज नसायची.

एखादी गोष्ट आपल्या जोरावर चालते की नाही, यावरून ते तिची किंमत करायचे. एकदा आम्ही त्यांच्यासोबत जीपने मंगरूळपीरला निघालो होतो. वाटेत जीप बंद पडली. सगळे पुरुष उतरून धक्का मारायला लागले. चाचाही उतरले, पण हात मागे बांधून बाजूला उभे राहिले. जीपचा ड्रायव्हर चिडला. "चाचा, लावा ना हात! नुसते उभे राह्यले का?" चाचा म्हणाले, "बाप्पा, ढकलून चालते त्याले गाडी नाही म्हणत. त्याले लगेज म्हणतात." सगळे इतके हसले की धक्का मारणंच थांबलं. माझ्या भाषणस्पर्धेचं भाषण आईने लिहून दिलं होतं. ते मी त्यांना म्हणून दाखवलं, तेव्हाही त्यांनी एकच विचारलं, "हे तू ओढून राह्यली का आई मांगून ढकलून राह्यली?" मी भाषण फाडलं नाही. पण स्पर्धेत मधेच थांबले आणि पुढची दोन वाक्यं माझी बोलले. बक्षीस मिळालं नाही. चाचांनी मात्र चिवड्याची पुडी आणून दिली.

त्यांनी शेवटची वर्षं जे इंजिन चालवलं, त्याला ते 'बेगम' म्हणत. चाची तिला 'माही सवत' म्हणायच्या. लग्न झाल्यापासून त्यांनी फक्त डबे भरले होते. नवऱ्याला इंजिनावर उभं असलेलं त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. "जिच्यासाठी जागली, तिचं तोंडही नाही पाह्यलं," असं त्या हसत म्हणायच्या, पण नेमकं ते वाक्य त्या फार वेळा म्हणायच्या.

बेगमला भंगारात न घालता जपून ठेवलं होतं. ती पुन्हा मेन लाइनवर चालावी की नाही, यावर चाचांचा आणि माझ्या बाबांचा कायमचा वाद. बाबा शाळेत शिकवतात. शांतपणे मुद्दे मांडायची त्यांची पद्धत. "चाचा, लाइनवर आता किती गाड्या असतात. ना पाणी भरायला जागा, ना राख टाकायला. वरून विजेची तार. म्हातारीला कशाला त्या गर्दीत घालता? शेडजवळच्या रुळावर फिरवा, लोक बघतील." चाचा ओट्यावरून उठून उभे राहायचे. "म्हातारी कोनाले म्हणता, सर? चालल्याबिगर इंजिन कायचं? उभं ठेवलं का त्याची टाकी होते, टाकी! अन् मेन लाइनची बाई तुमी काय अंगणात फिरवता?" मग चाची आतून ओरडायच्या, "सर, जाऊ द्या. सवतीचं नाव काढलं का यायले रात्री झोप नाही येत." 

आणि मग खरंच रेल्वेचं पत्र आलं. बेगम एक दिवस मेन लाइनवर चालवणार होते. जुन्या माणसांना बोलावलं होतं. चाचींचे गुडघे प्रवासाला नाही म्हणत होते आणि मुलगा आखातात. चाचांना ऐकू येत नाही, इंग्रजी सूचना कोण वाचणार, म्हणून सोबत मी गेले. तेव्हा मी कॉलेजात होते. चाचांनी जुना निळा कोट घातला होता. चाचींनी त्यावर स्वतः इस्त्री फिरवली होती आणि निघताना एवढंच म्हटलं, "पाहून घ्या चांगलं. मले सगळं सांगा लागते."

स्टेशनवर बँड होता, झेंडूच्या माळा होत्या. बेगमला काळा चकचकीत रंग दिला होता. चाचांनी तिच्या चाकाला हात लावला, तोच हात डोळ्यांवर फिरवला आणि मग गाडीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे शेवटच्या डब्याला एक डिझेल इंजिन लावलेलं होतं. त्याचं अर्धं तोंड फुलांच्या कापडाखाली झाकलं होतं.

"हे पाहुणे कोन?" चाचांनी विचारलं.

सोबतचे रेल्वेचे इन्स्पेक्टर तरुण आणि मनाने चांगले होते. ते चाचांच्या कानाशी वाकून बोलले. "चाचा, मागून एक्सप्रेस येतेय. बेगम मधेच थांबली तर पूर्ण लाइन अडते. म्हणून हे सोबत ठेवलंय."

"बरोबर आहे," चाचा म्हणाले. "असू द्या मदतीले. ओढीन तं बेगमच ना?"

"हो हो, चाचा," इन्स्पेक्टर म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

चाचांसोबत मलाही इंजिनावर चढू दिलं. भट्टीची धग तोंडावर येत होती. चाचांनी वाफ सोडायच्या लांब दांड्यावर हात ठेवला आणि ते एकदम वेगळेच उभे राहिले, पाय फाकून, गुडघे सैल सोडून. झेंडी हलली. त्यांनी दांडा थोडासा ओढला. बेगमने एक जड श्वास सोडला, मग दुसरा. माझ्या पोटात तो जाणवला. तेवढ्यात तिथल्या तरुण ड्रायव्हरने चाचांच्या हातावर हात ठेवला आणि दांडा हळूच परत बंद केला. "चाचा, बॉयलरले परवानगी कमी प्रेशरची आहे. बंदच ठेवा. मांगून ढकलून राह्यले ते."

गाडी चालत होती. वेग वाढत होता. रुळाच्या कडेला माणसं मोबाइल वर करून उभी होती, आणि ती दिसली की फायरमन भट्टीत काहीतरी टाकून काळा धूर काढत होता. चाचांचा हात बंद दांड्यावरच होता. समोरून कुणीतरी ओरडलं, "चाचा, इकडे!" चाचा हसले. तो फोटो फार छान आला आहे.

परतताना अकोल्याहून बस धरली. वाशीमच्या अलीकडच्या मालेगावला ती चहासाठी थांबली. चाचांनी चहा घेतला नाही. ते माझ्या शेजारी बाकावर बसून बोलायला लागले आणि मला वाटलं त्यांना बरं नाही, कारण ते हळू बोलत होते. इतकं हळू की मलाच कान पुढे करावा लागला.

"माह्या कानाले ऐकू येत नाही, पन पायाले येते. इंजिन ओढते तवा पायाखाली समजते. आज पायाखाली काहीच नव्हतं, बेटा. मेलेली होती ते. मुर्द्याले नटवून वरातीत बसवलं."

मी हातातला चहा बाकावर ठेवला. 

"चाचीले नको सांगजो," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "अन् हे लोक तिले पुन्हा असं काढतीन, तं तू नाही म्हणजो. तुले इंग्रजी येते. तुह्यं ऐकतीन."

मी मान हलवली. दोन्ही गोष्टींना मिळून एकदाच.

घरी चाची दारातच उभ्या होत्या. "मंग? ओढलं का माह्या सवतीनं?" चाचांनी कोट काढायच्या आधी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "ओढलं म्हणजे! डिझेल मांगं झोपून राह्यलं होतं! मी हँडल मारलं अन् बेगम अशी पळाली, अशी पळाली..." चाचींनी शिरा केला आणि घरोघरी वाटला. आमच्याकडे वाटी द्यायला आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. फोटो फ्रेम करून पलंगासमोर लावला. आलेल्या प्रत्येकाला ती गोष्ट ऐकावी लागे, आणि चाचा ती सांगत. माझ्याकडे न बघता सांगत. 

पुढे त्यांची छाती बिघडली. भिंतीपलीकडचा आवाज महिन्या-महिन्याने लहान होत गेला. आधी मिठाची तक्रार ऐकू येईना, मग खोकला तेवढा उरला. मग दुपारी मला भिंतीतून चाचींचा आवाज ऐकू यायला लागला. चाचांना दम पुरत नव्हता, म्हणून ती गोष्ट आता त्या सांगत होत्या. त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून. "मंग तुमी हँडल मारलं! मंग डिझेल झोपून राह्यलं! मंग बेगम कशी पळाली, सांगा!" त्यावर चाचा काय म्हणत, ते ऐकू येत नसे. मी उशीत तोंड घालून पडून राहायचे.

चाचा गेले. गल्ली इतकी शांत झाली की कुकरची शिट्टी झाली तरी आई दचकायची.

वर्षभराने गावातल्या हौशी मंडळींनी ठरवलं की बेगमला एक दिवस वाशीमला आणायचं. चाचांच्या आठवणीत गाडी निघेल, चाची हिरवी झेंडी दाखवतील. शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली. रेल्वेचे एक अधिकारी आले होते. इंग्रजी अर्ज मी लिहावा आणि वाचावा, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं होतं. चाची पहिल्या रांगेत बसल्या होत्या, तो फोटो मांडीवर घेऊन.

अधिकारी सरळ मनाचे होते. त्यांनी आधीच सांगितलं, "मागे डिझेल लावावंच लागेल. ढकलेल तेच. सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

"लावा ना, साहेब," मोबाइलच्या दुकानवाले दादा म्हणाले. "फोटोत कुठी दिसते?"

सगळे हसले. चाचीही हसल्या. त्यांना वाटलं, साहेबांना बेगमची ताकद माहीत नाही. त्या फोटो वर करून म्हणाल्या, "साहेब, माह्या मिस्टरनं डिझेलले झोपवून ठेवलं होतं. ओढते ते."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अर्ज माझ्या हातात होता. मी तो वाचला नाही. मी म्हटलं, "त्या दिवशी बेगमने गाडी ओढली नव्हती. मी इंजिनावर होते. चाचांना फार वाईट वाटलं होतं. तिला पुन्हा असं काढू नका, असं त्यांनी मला सांगितलं होतं. शेडच्या रुळावर ती स्वतः चालेल तेवढी चालवा. नाहीतर उभी राहू द्या." मला मोठ्याने बोलता येत नाही, पण त्या हॉलमध्ये तेव्हा त्याची गरज पडली नाही.

अर्ज गेला नाही. बाबा म्हणाले, बरोबर केलंस. दुकानवाले दादा म्हणाले, गावाचा कार्यक्रम घालवला. चाची उठल्या. फोटो पदराखाली घेऊन हळूहळू घरी गेल्या.

काही दिवस मी त्यांच्या दारावरून मान खाली घालून जात राहिले. मग एका सकाळी आत गेले. फोटो जागेवर होता. त्यांनी बस म्हटलं आणि चहा टाकला. लहानपणापासून मला त्या घरात चहा मिळतो तो काठ चेपलेल्या स्टीलच्या गिलासात. त्या दिवशी कपबशी आली, कपाटातली, सोनेरी काठाची.

"त्यायनं मले खोटं सांगतलं," चाची म्हणाल्या. "ते माह्यासाठी होतं. तू सगळ्यायच्या समोर खरं सांगतलं. ते कोनासाठी होतं, बेटा?"

"त्यांनीच सांगितलं होतं मला, चाची."

त्यांनी फोटोकडे पाहिलं.

"मले खोटं," त्या म्हणाल्या, "अन् तुले खरं."

मी चहा कसाबसा संपवला आणि नेहमीसारखी कप विसळायला उठले. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पाहुण्याले कोनी भांडे घासाले लावते का?"