कुंपणाच्या आतलं जेवण

शनिवारची सकाळ होती आणि मी इथे ऑस्ट्रेलियात, डार्विनच्या सुपरमार्केटमध्ये मेधाताईसाठी कांदे निवडत होते. बाहेरून तिला फक्त कांदेच लागायचे. म्हणजे कांदे, दूध, चहा-साखर आणि डाळ-तांदूळ. पण बाकीचं ती जमेस धरायचीच नाही. तेवढ्यात तिच्या शेजारच्या ग्लेनचा फोन आला. कुंपणावरून हाक मारली तरी ओ आली नाही म्हणून तो आत गेला होता. ती व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलेली होती, मांडीवर परात, परातीत अर्धी निवडलेली शेवग्याची पानं... “आय अ‍ॅम सो सॉरी, लव्ह,” एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. मी फोन ठेवला आणि हातातल्या कांद्यांकडे बघत उभी राहिले. परत ठेवावेत तर तिचं ऐकलं नाही असं व्हायचं, घ्यावेत तर कुणासाठी? शेवटी घेतले. तिच्याकडे माणसं येणार, त्यांच्यासाठी कुणीतरी पोहे करून न्यायला हवेत, हे मला भर दुकानात रडता रडता सुचलं. याचं श्रेय तिचंच. आता त्याला महिना उलटून गेला.

मेधाताईचा जन्म ठाण्याच्या दोन खोल्यांतला. मातीशी तिचा संबंध तुळशीच्या कुंडीपुरता. श्रीकांतरावांच्या गॅस प्रकल्पातल्या नोकरीपायी ती डार्विनला आली, मुलगा ओंकार इथेच शिकला आणि पुढे सिडनीला, स्कोफिल्ड्सच्या नव्या वसाहतीत, घर घेऊन राहिला. श्रीकांतराव अचानक गेले. त्याच सुमारास ताईचे डोळे अधू झाले आणि डॉक्टरांनी तिचं ड्रायव्हिंग थांबवलं. डार्विनमध्ये गाडी नाही म्हणजे पायच नाहीत. ओंकारने लगेच फर्मान काढलं, “आई, बी रिझनेबल. तू आमच्याकडे यायचं. तुझं ग्रोसरी कोण आणणार? आणि वेट सीझनमध्ये रोड फ्लड झाला, शेल्फ एम्प्टी झाले, मग?”

“मग मी ग्रोसरीच कमी करते,” ती म्हणाली.

मी तिथेच बसले होते. मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतेय. पण तिने तिथल्या तिथे करार केला. दर आठवड्याला दुकानातली एक वस्तू बंद, ती कुंपणाच्या आत पिकवायची. पुढच्या पावसाळ्यात ओंकारने आठ दिवस येऊन राहायचं. डाळ, तांदूळ, तेल, मीठ साठवणीतलं चालेल, बाकी सगळं अंगणातलं. तिने त्याला पोटभर जेवू घातलं तर स्कोफिल्ड्सचा विषय कायमचा बंद, नाहीतर ती निमूट बॅग भरेल. “डील,” ओंकार हसून म्हणाला. त्याला वाटलं, आपण जिंकलोच. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं, आणि ती सिडनीला गेली तर तिच्यासोबतचे आपले शनिवार कसे जाणार या विचाराने मी आतून हादरले होते.

पहिल्या आठवड्यात बंद झाला कढीपत्ता. त्यासाठी काही लावावंच लागलं नाही. परसात शेडच्या मागे एक झाड होतं, त्याला श्रीकांतराव वर्षानुवर्षं कडुनिंब म्हणत आले होते. इंजिनीअर माणूस, ठामपणे सांगायचे. त्यामुळे पान चुरगळून वास घ्यायचं कुणाला सुचलंच नाही, आणि ही बाई त्याच झाडाखाली गाडी लावून दुकानातून कढीपत्त्याचं पाकीट आणायची! वास आला तेव्हा ती त्यांच्या फोटोसमोर जाऊन जे काही बोलली, ते पुरवणीत छापण्यासारखं नाही.

कोथिंबिरीने मात्र दमवलं. डार्विनच्या उकाड्यात ती उगवायची, एकदा आमच्याकडे बघायची आणि मान टाकायची. शेवटी शनिवारच्या बाजारातल्या एका थाई बाईने लांब, काटेरी पानांची कोथिंबीर दिली. दिसायला उग्र, वासाला अस्सल. मग भेंडी, मग लांब चवळीच्या शेंगा, मग रताळी. दर शनिवारी मी गाडीत बसले की फोन करायचे, “ताई, या आठवड्यात काय बंद?” आणि ती मंत्रिमंडळाचा निर्णय सांगावा तशी सांगायची.

अंडी बंद करायची म्हणून कोंबड्या आल्या. त्यांना तिने तीन नणंदांची नावं दिली. का, तर “कुणी कितीही मान दिला तरी कुरकुरतातच.” एका सकाळी तिचा रडवेला फोन आला, “शुभा, कुसुम गेली गं!” मी हातातलं काम टाकून ठाण्याला सांत्वनाचा फोन लावला. तो कुसुमवन्संनीच उचलला. मी काय बोलले मला आठवत नाही, पण ताईने कोंबडीचा खुलासा केल्यावर पुन्हा फोन लावून, “नाही, नाही, तुम्हाला अजगराने गिळलेलं नाही,” असं म्हटल्याचं आठवतं. त्यानंतर वन्संनी ताईशी बरेच दिवस अबोला धरला. उरलेल्या दोघींनी अंडी देणं चालू ठेवलं.

आणि ते अळूचं फदफदं... डार्विनमधली मराठी मंडळी म्हणजे एका हॉलमध्ये मावतील एवढी. गणपतीच्या जेवणात आपल्या अळवाचं फदफदं करायचं ताईने जाहीर केलं. पानं देखणी होती, दाणे-खोबरंही सढळ हाताने घातलं होतं. पण त्याच आठवड्यात तिने चिंच बंद केली होती! अंगणात चिंचेचं बोटभर रोप, आणि नियम म्हणजे नियम. चिंचेवाचून अळू शिजवलं तर काय होतं हे मराठी माणसाला सांगायला नको. पहिल्या घासाला सगळे “वा!” म्हणाले, दुसऱ्याला गप्प झाले, तिसऱ्याला पाण्याच्या जगापाशी रांग लागली. हॉस्पिटलमधल्या एका तरुण डॉक्टरने तर, “ही अ‍ॅलर्जी आहे, सगळ्यांनी शांत राहा,” असं स्वतःचा गळा धरून सांगितलं. जेवणानंतरची आरती घोगऱ्या आवाजात झाली. ताई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “जरासं खाजतंय का गं?” दुसऱ्या दिवशी कुणीतरी समुद्रकाठची चिंचेची जुनी झाडं दाखवली. ती कुंपणाबाहेर येतात की नाही यावर मायलेकांचा फोनवर तासभर वाद झाला. “सार्वजनिक झाडाला कुंपण नसतं,” हा तिचा मुद्दा ओंकारने दमून मान्य केला.

परीक्षेचा आठवडा आला तो असा की, परीक्षाच तिच्या बाजूने झाली. दक्षिणेकडचा रस्ता पुरात गेला, ट्रक अडकले, दुकानातली भाजीची कपाटं ओकीबोकी झाली. अशा पावसात ओंकार उतरला. पहिल्या दिवशी भरली भेंडी, दुसऱ्या दिवशी शेवग्याच्या पाल्याची भाजी, मग अळूवड्या (चिंच लावून), कच्च्या पपईची कोशिंबीर, अंड्याची आमटी. चौथ्या दिवशी तो छत्री परत करायला म्हणून माझ्याकडे आला आणि इन्स्टंट नूडल्सची तीन पाकिटं उभ्याउभ्या संपवून गेला. “मावशी, प्लीज, आईला सांगू नको. फूड इज गुड, पण माझ्या पोटात आता फक्त हिरवं आहे.” तो घरी पोचायच्या आत तिचा मला फोन, “किती पाकिटं खाल्ली?”

आठव्या दिवशी मी त्याला विमानतळावर सोडायला निघाले. ताई फाटकाशी उभी होती, दोन्ही हातांनी कडी घट्ट धरून. तेव्हा मला दिसलं की ती घाबरलेली आहे. एवढी सगळी भेंडी, कोंबड्या, चिंचा, हे सगळं तिने जीव मुठीत धरून केलं होतं. हे घर सोडून तिला जगता येणार नव्हतं. ओंकारने तिला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “ओके आई. यू विन.” त्यानंतर त्याने तो विषय खरंच कधी काढला नाही.

काढला तो ती गेल्यावर. अंत्यसंस्कार करून आल्यावर तो तिच्या ओट्याला टेकून म्हणाला, “मी हरायला नको होतं, मावशी. आमच्याकडे असती तर कोणीतरी घरात असलं असतं.” हृदय बंद पडलं होतं, कुठेही पडलं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते. तो ऐकत नव्हता. ती तिथे असती तर जगली असती का, ते मला माहीत नाही. ती तिथे आमची मेधाताई राहिली नसती, एवढं मला माहीत आहे. पण मुलाला हे कसं सांगायचं?

गेल्या आठवड्यात त्याने घर विकायला एजंट बोलावला. चकचकीत बुटांचा, हसतमुख माणूस. तो अळवातून पाय उचलत उचलत परसाच्या टोकापर्यंत गेला, शेवगा बघितला, पपई बघितली, कोंबड्यांनी त्याला बघितलं. मग म्हणाला, हे जंगल सगळं काढून टाकावं लागेल, लॉन टाकली की कामच नको, असंच घर लोकांना आवडतं. ओंकारने भेंडीची एक निबर शेंग तोडली, बियांसाठी ठेवायला हवी होती हे लक्षात आल्यावर ओशाळून तिथेच मातीत ठेवली. मग एजंटकडे वळला.

“सॉरी मेट,” तो म्हणाला, “मम इज नॉट मूव्हिंग.”

एजंट गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी डोळे पुसले, त्याच्या हातात पिशवीभर कोवळी भेंडी दिली आणि त्याला फाटकापर्यंत सोडून आले.