पुरवणी खंडात नसते

पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षी लघुप्रबंधासाठी मी विषय घेतला तो गावोगावच्या गायन पार्ट्यांचा: वृत्तपत्रांनी त्यांची दखल किती घेतली आणि कशी. विषय सुचण्याचं कारण घरातच होतं. पाचोडजवळच्या आमच्या गावात माझे वडील तरुणपणी जयंतीच्या कार्यक्रमांत गाणाऱ्या अशाच एका पार्टीत हार्मोनियम वाजवत. पार्टीचा फोटो एकदा पेपरात आला होता, असं ते नेहमी सांगत. कात्रण मात्र कुणीच दाखवलं नव्हतं.

मुकुंदवाडीतल्या खोलीवरून मी रोज सकाळी कॉलेजच्या ग्रंथालयात जायचे. इंटरनेटवर तेवढे जुने अंक नव्हते. संदर्भ विभागात ओळखपत्र ठेवायचं, चिठ्ठीवर वर्ष लिहायचं, मग तिथले शिपाईमामा त्या वर्षाच्या पेपरांचा शिवलेला खंड दोन्ही हातांनी आणून टेबलावर आदळायचे. धुळीनं मला शिंका यायच्या आणि ते म्हणायचे, "मोबाईलात बघा की बाई, कामून जीव काढता?"

वडिलांनी सांगितलेलं वर्ष, त्याच्या आधीचं आणि नंतरचं, अशा तिन्ही वर्षांचं पान न पान मी पाहिलं. पानांचे आकडे सलग होते, एकही पान फाटलेलं नव्हतं. भाषणं होती, मिरवणुकांचे मार्ग होते, पुढाऱ्यांचे हार होते. गाणाऱ्यांचं नाव नव्हतं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. प्रकरणाला असा स्वच्छ निष्कर्ष सहसा मिळत नाही. मार्गदर्शक बाईंनीही समासात 'उत्तम' लिहिलं.

त्या रात्री वडिलांना फोन करून मी छातीठोकपणे सांगितलं, "बाबा, तुमचा फोटो कधी आलाच नव्हता. मी सगळे पेपर बघितले."

"नाय? आगं, पाचोडच्या बाजारात लोक दाखवत व्हते की."

"दुसरंच काहीतरी असेल. रेकॉर्डमध्ये नाही म्हणजे नाही."

ते म्हणाले, "आसंल बाई. तू शिकलेली हायस."

दीड महिन्यानं, प्रबंध बाइंडिंगला द्यायच्या आठवड्यात, एका तळटीपेची तारीख तपासायला मी पुन्हा गेले. मामा स्टुलावर बसून डबा खात होते. डब्याखाली जुना कागद पसरला होता, नेहमीच्या पेपरापेक्षा निम्म्या आकाराचा. वरचं नाव ओळखीचं होतं. त्याच पेपराचे तीन वर्षांचे अंक मी उपसले होते.

"मामा, हे पान कुठलं? खंडात नाही हे."

"रविवारची पुरवणी हाय. खंडात कशी राहील? साईज लहान पडती. बाइंडर म्हणतो शिवणीत बसत नाय, म्हणून आपण पहिल्यापासून काढूनच ठेवतो."

"कुठे?"

त्यांनी हातातल्या घासासकटच कपाटाकडे बोट दाखवलं. वर सुतळीनं बांधलेले गठ्ठे छतापर्यंत गेले होते. पुरवणीचे आकडे वेगळे, म्हणून खंडात काही कमी आहे हे कळायला मार्ग नव्हता. आणि कुणाला विचारावं, एवढी नम्रता माझ्यात नव्हती. शितावरून भाताची परीक्षा नको म्हणून मी अख्खं पातेलं उपसलं होतं. चुलीवर दुसरं पातेलं आहे, हे डोक्यात आलं नाही.

फोटो तिसऱ्या गठ्ठ्यात मिळाला. सहा माणसं, मधे हार्मोनियम, वडिलांचे डोळे मिटलेले. खाली गावाचं नाव आणि सहाही जणांची नावं. मी मोबाईलवर तो टिपला, बाइंडिंग थांबवलं आणि प्रकरण नव्यानं लिहायला घेतलं. मार्गदर्शक बाई वैतागल्या. ते निभावणं सोपं होतं.

शनिवारी मी फोटोची मोठी प्रिंट घेऊन गावी गेले. वडील खुश होतील, मला चिडवतील, असं मनात धरून होते. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला आणि ढोलकीवाल्याच्या तोंडावर बोट ठेवलं. हे त्यांचे लहानपणापासूनचे मित्र, दोन गल्ल्या पलीकडे राहतात.

"तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ह्याला सांगितलं मी, आपला फोटो आलाच नव्हता म्हणून. तर म्हणला, माझ्या मायनं कापून ठिवला व्हता, मी डोळ्यानं बघितलाय. मी म्हणलं, मेलेल्या मायच्या नावानं खोटं बोलू नको. चार माणसांत म्हणलं."

"मग?"

"मग काय. तवापासून त्यो माझ्या वट्यावर आला नाय."

मला लाज वाटली. प्रबंध दुरुस्त करताना जी वाटली नव्हती, ती आता वाटली. मी म्हणाले, "बाबा, चला, आत्ताच जाऊ आपण दोघं."

त्यांनी प्रिंटची घडी न घालता ती माझ्या हातात परत दिली.

"तुझ्या शब्दावर बोललो मी. आधी तू जा. त्यानं बस म्हणलं, तर मला हाक मार."