पडद्यामागच्या अठ्ठावीस खुर्च्या

माझी ताई कपडे अल्टर करते. कुणाची पँट आखूड करायची, कुणाचा कोट सैल करायचा, त्यात तिचा हात धरणारा कुणी नाही. स्वभावानं मात्र महाभित्री. उसवेल या भीतीनं एकाच जागी दोनदा टाके घालणारी.

दुकानावर पत्रा आहे. गेल्या चार-पाच वर्षांत उन्हाळा असा वाढत गेला, की दुपारी मशीनच्या लोखंडाचा चटका बसायचा. शेजारच्या खोलीत इस्त्रीवाली मावशी. तिच्या डोक्यावर पत्रा आणि हातात तापलेली इस्त्री. एका दुपारी मावशी टेबलाशीच कोसळली, आणि ताईनं कंबर कसली. गल्लीतल्या सगळ्या पत्र्यांना उन्हाची झळ परतवणारा पांढरा रंग द्या, रस्तारुंदीत जाणारी सोळा झाडं तोडू नका, असा अर्ज तिनं लिहिला आणि वॉर्डाच्या साहेबांना वाचनालयाच्या हॉलमध्ये सभेला बोलावलं.

पहिल्या सभेला चाळीस खुर्च्या मांडल्या. माणसं आली तीन. त्यातला एक खुर्च्या परत न्यायला आलेला. साहेब आलेच नाहीत. गल्ली ताईला 'अध्यक्षीणबाई' म्हणू लागली. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. ताई आठवडाभर दुकानाचं एकच दार उघडायची.

"पुन्हा फजिती झाली ना, तर मला गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही," ती म्हणाली.

तेव्हा मी अक्कल पाजळली. "बाराच खुर्च्या मांड. बाकीच्या पडद्यामागे ठेवू. पंधरा माणसं आली तरी हॉल भरलेला दिसेल." धाकटा म्हणून आयुष्यात माझं एक ऐकलं नाही तिनं. नेमकं हेच ऐकलं.

दुसऱ्या सभेला सोळा माणसं आली. चौघं उभी राहिली. फोटोत सभा तुडुंब दिसत होती. ताई किती खुलली होती! साहेबांनी अर्ज चाळला आणि विचारलं, "पत्र्याखाली प्रत्यक्ष त्रास झालेलं कुणी आहे का इथे?"

हे मावशी सांगणार होती. तिनं घोकून ठेवलं होतं. पण मावशी कुठेच दिसेना.

"बरं, पुढच्या महिन्यात बघू," म्हणत साहेबांनी फाइल मिटली.

नवव्या दिवशी भर दुपारी त्याच खोलीत मावशीनं प्राण सोडला. डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. सांत्वनाला गेलो तेव्हा कळलं, की सभेच्या दिवशी ती सुजलेल्या पायांनी दारापर्यंत आली होती. आत डोकावून परत गेली होती. ती बोलली असती तरी नऊ दिवसांत पत्रे रंगले नसते, हे मी ताईला परोपरीनं सांगितलं. मलाही ते पटत नव्हतं.

तिसऱ्या सभेला ताईनं एकटीनं चाळीसच्या चाळीस खुर्च्या मांडल्या.

"अगं, पुन्हा हसं होईल."

"होऊ दे."

सात माणसं आली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "आज फारच कमी लोक आहेत. पुढे ढकलू या का?"

ताई उठली. "नको साहेब. मागच्या वेळीही गर्दी नव्हती. अठ्ठावीस खुर्च्या मी पडद्यामागे लपवल्या होत्या, कुणी हसू नये म्हणून. जिनं बोलायचं ती बाई बसायला जागा नाही म्हणून दारातून परत गेली."

माझं नाव तिनं घेतलं नाही. मीही उठून सांगितलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

मावशीची सून मागून म्हणाली, "जागेसाठी नाही हो ताई. सासूबाई खुशीत घरी आल्या होत्या. म्हणाल्या, 'हॉल गच्च भरलाय गं. आता माझ्यावाचून काही अडत नाही.' पाणी प्यायल्या आणि इस्त्रीला उभ्या राहिल्या."

ताईला हुंदका आवरेना. साहेब म्हणाले, "बसा तुम्ही, मी वाचून घेतो." ती बसली नाही. रडत रडत, सात माणसांसमोर, तिनं सगळा अर्ज मोठ्यानं वाचला.